पाणी पश्चिमेला जातं

बायको पर्ल गेल्यापासून नेहेमिया थळकरचं बोलणं म्हणजे नुसती उत्तरं उरली होती. कोणी विचारलं, "जेवलास का?" तर "जेवलो." कोणी विचारलं, "लेकीचा, येहुदितचा फोन आला होता का?" तर "आला होता." शेजारणी वाटीभर काही आणून द्यायच्या. तो ते खायचा, वाटी घासून परत नेऊन द्यायचा. सुतकाच्या सात दिवसांत तो रडला नव्हता, त्यानंतरही नाही. माणूस दगडाचा आहे, असं शिकुनातले, सरकारी वसाहतीतले लोक म्हणत. दगडाचा वगैरे तो नव्हता. आता काहीतरी येईल, भडभडून येईल, असं त्यालाही रोज वाटायचं. पण येत नव्हतं, आणि मग भांडी घासायची वेळ व्हायची.

पेताह तिक्वा शहराच्या कडेला एका तीन मजली इमारतीत तो राहायचा. वय एकोणसाठ. मुंबईत माझगावला प्लेटिंगच्या कारखान्यात काम शिकलेला. त्याच कसबावर चौसष्ट साली ज्यूंच्या ह्या देशात आल्यावर तो गिदोनच्या कारखान्यात लागला. पितळी नळांना आणि तोट्यांना क्रोमचा चकचकीत मुलामा द्यायचा, हे काम. वीस वर्षं टाकीच्या वाफेवर वाकून वाकून त्याच्या नाकातल्या पडद्याला भोक पडलं होतं, वास कसलाही येत नव्हता. बोटांच्या पेरांवर जुन्या जखमांचे गोल वण होते. मागच्या वर्षी कारखाना बंद पडला आणि पुढच्या चार महिन्यांत किडन्या निकामी होऊन पर्ल गेली.

पेसाखचा सण होऊन गेल्यावर एका सकाळी दारावर टकटक झाली. बाहेर पंचविशीतली एक मुलगी, हातात कागदांची फाइल, पायांत चिखलाचे बूट.

"नेहेमिया अंकल? मी सारित. माझी आई ओफाकिमची, रेवदंडेकरांची." एवढं मराठीत बोलून ती लगेच हिब्रूवर गेली. मराठी तिला सगळं कळायचं, पण जिभेला वळण नव्हतं. त्यामुळे तो मराठीत बोलायचा, ती हिब्रूत, आणि दोघांचं ठीक चालायचं.

ती त्स्वी नावाच्या इंजिनियरच्या ऑफिसात कामाला होती. कोणी मोठी जमीन विकत घेणार असेल तर घेण्याआधी ती जमीन आतून कशी आहे, तिच्या पोटातलं पाणी कसं आहे, ते हे ऑफिस तपासून द्यायचं. देशात असं काम करणारी माणसं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. सोयरीक करण्याआधी घराण्याची चौकशी करतात, तसंच हे, असं नेहेमियाने मनाशी धरलं.

"गिदोनच्या कारखान्याची जागा एक बिल्डर घेतोय," सारित म्हणाली. "चार इमारती बांधणार. आम्हाला जागेचा इतिहास लिहायचाय. टाक्या कुठे होत्या, वापरलेलं पाणी कुठे जायचं. मालक म्हणतात, सगळं गटारात जायचं. पण गटाराची लाइन तर ऐंशी साली आली. त्याआधीचं काय? जुन्या कामगारांच्या यादीत बाराजण आहेत. काही सापडत नाहीत, बाकीच्यांना काही आठवत नाही."

"मला आठवतं," नेहेमिया म्हणाला. "विहिरीत जायचं."

"कुठल्या विहिरीत?"

"चल, दाखवतो." त्याने खुंटीवरची टोपी घेतली. तिने पेन उघडायच्या आत तो जिन्यावर होता.

कारखान्याच्या आवारात गुडघाभर गवत माजलं होतं. पत्रे कोणीतरी काढून नेले होते. त्याने तिला क्रोमची टाकी कुठे होती ते दाखवलं, तेलकट माल धुवायच्या रसायनाची पिंपं कुठे असायची ते दाखवलं. मग मागच्या भिंतीतल्या खिंडारातून तो तिला पलीकडे घेऊन गेला. तिथे पूर्वी संत्र्यांची बाग होती. बाग कधीच मेली होती, पण बागेची जुनी खोल विहीर राहिली होती, पंप काढून नेलेली, वर सिमेंटचं झाकण. झाकणाच्या मधोमध एक चौकोनी भोक होतं.

"टाकीतलं पाणी खराब झालं की पिंपात भरायचं," तो सांगू लागला. "हातगाडीवर पिंप घालून इथवर आणायचं आणि ह्या भोकातून ओतायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी. कधी दोन पिंपं, कधी तीन."

"कोण ओतायचं?"

"मी."

"किती वर्षं?"

"एकोणसत्तरपासून. गटार येईपर्यंत. अकरा."

सारितचं लिहिणं थांबलं. "अंकल, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"पहिल्या वेळी मालकांनी. मग सांगावं लागलं नाही."

तिने ते लिहून घेतलं. तो झाकणाकडे बघत होता. झाकणावर एक सरडा ऊन खात बसला होता.

पुढच्या आठवड्यात ड्रिलिंगचं मशीन आलं. ते चालवणारा याकोव हा फार न बोलणारा माणूस होता, नेहेमियाला तो बरा वाटला. घरी बसून करायचं काय, म्हणून नेहेमिया रोज सकाळी तिथे जायचा आणि उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसायचा. जमिनीतून आधी लाल वाळू आली, मग पिवळट, मग ओली. पाणी लागल्यावर याकोवने दोरीला बांधलेली लांब नळी खाली सोडली, वर ओढली आणि काचेच्या बाटलीत रिकामी केली. बाटलीतलं पाणी हळद कालवल्यासारखं दिसत होतं.

"क्रोम," नेहेमिया म्हणाला. चव, वास, काही बघायची गरज नव्हती. वीस वर्षं तो हाच रंग बघत आला होता.

याकोवने बाटलीवर चिठ्ठी डकवली आणि हात साबणाने दोनदा धुतले.

तीन दिवसांनी गिदोन घरी आला. हिब्रूत अहो-जाहो नसतं, मालकालाही 'तू'च म्हणायचं असतं. पण नेहेमियाच्या मनात त्याच्यासाठी कायम 'तुम्ही' असायचं. गिदोन तसा वाईट माणूस नव्हता. नेहेमियाचं हिब्रू कोणाला धड समजत नव्हतं तेव्हा त्याने त्याला कामावर ठेवलं होतं. पर्लला दोनदा स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं होतं. सुतकात येऊन जमिनीवर बसला होता. आता तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि नेहेमियाने केलेल्या कॉफीचा कप हातात धरून राहिला.

"त्या मुलीला तू काय सांगितलंस?"

"विहिरीचं."

"नेहेमिया, त्या काळी सगळे हेच करत होते. बाग मेलेली, विहीर मेलेली. त्यात ओतलेलं पुढे चालत जातं, हे मला कुठे माहीत होतं? तुला माहीत होतं का?"

"नाही."

"मग? ऐक माझं. ते तुझ्याकडून कागदावर सही घेतील. तू म्हण, मला नक्की आठवत नाही. बायको गेली, डोकं ठिकाणावर नव्हतं. कोण तुला दोष देईल?"

नेहेमियाने विचार करून बघितला. राग येतोय का, भीती वाटतेय का, हे त्याने आत चाचपून पाहिलं. आत काही हललं नाही.

"पण मला आठवतं," तो म्हणाला.

गिदोन अर्धी कॉफी टेबलावर ठेवून उठला. दारात त्याने नेहेमियाच्या खांद्यावर हात ठेवला, पूर्वी ठेवायचा तसाच, आणि गेला. त्यानंतर तो कधी आला नाही.

सहीसाठी त्स्वीच्या ऑफिसात जायचं होतं. भिंतीवर एक मोठा नकाशा लावलेला, त्यावर बोअर मारल्याच्या लाल खुणा आणि बारीक निळे बाण. त्स्वीसमोर सारितने लिहिलेला जबाब मोठ्याने वाचून दाखवला. नेहेमियाने सही केली, हिब्रूत नाही, मराठीत, कारण सही त्याला एवढीच येत होती. मग तो नकाशापुढे जाऊन उभा राहिला.

"हे बाण कसले?"

"जमिनीखालचं पाणी," सारित म्हणाली. "ते थांबलेलं नसतं, हळूहळू सरकतं. वर्षाला साठ-सत्तर मीटर. इथलं सगळं पश्चिमेला जातं, समुद्राकडे."

"माझं घर कुठे आहे ह्याच्यात?"

तिने बोट ठेवलं. घर विहिरीच्या पूर्वेला होतं, बाणांच्या पाठीमागे. तो का विचारतोय हे तिला कळलं असावं, कारण तिने आवाज खाली आणला. "अंकल, तुमच्या नळाला ह्यातलं पाणी कधीच आलेलं नाही. तिकडचं पाणी लांबून येतं, पाइपातून. पर्ल आंटी ह्या पाण्याने गेल्या नाहीत."

त्याने मान हलवली. आता हलकं वाटेल म्हणून तो थोडा थांबला. पण वाटलं नाही. हलकं वाटण्याऐवजी त्याला कामाचे कपडे आठवले. दर शुक्रवारी तो ते घरी आणायचा, पिवळे डाग पडलेले, कडक झालेले. पर्ल न्हाणीघरात बसून ते हातांनी घासायची. मशीन आल्यावरसुद्धा. मशीनने डाग निघत नाहीत म्हणायची. ह्याबद्दल त्याने त्स्वीला काही विचारलं नाही. ते नकाशावर नव्हतं.

"आणि इकडे कोण आहे?" त्याने बाणांच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे एक छोटा निळा गोल होता.

सारितने त्स्वीकडे पाहिलं. त्स्वी पन्नाशीचा, टक्कल पडलेला, थकलेला माणूस. तो चष्मा पुसायला लागला. "रोपवाटिका आहे. मलका नावाच्या बाईची. खासगी विहीर."

"ती ते पाणी पिते?"

"बहुतेक."

"तिला सांगितलं?"

"हे बघ," त्स्वी म्हणाला, "ज्याने तपासायला सांगितलं, त्यालाच मी अहवाल देऊ शकतो. कागद त्याचा. पश्चिमेकडच्या विहिरींना कळवावं, असं मी त्यात लिहिलंय. कळवायचं त्यांनी."

"त्यांनी कळवलं?"

"त्यांनी जमीन घ्यायचं रद्द केलं. त्यांच्यापुरता विषय संपला. मी बाहेर बोललो तर उद्या मला कोणी काम देणार नाही. ह्या देशात असा कायदा अजून नाही."

सारित खाली बघत होती. जिन्यापर्यंत ती त्याला पोचवायला आली आणि तिथे थांबून, शब्द जुळवत, मराठीत म्हणाली, "मी सांगू नाही शकत, अंकल. माझी नोकरी जाते."

"तू नको सांगू, बाय," नेहेमिया म्हणाला. "मी कुठे कोणाच्या नोकरीत आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बस पकडली. फार मोठं काही करायला निघालोय, असं त्याला वाटत नव्हतं. विजेचं बिल भरायला जावं, तसा तो निघाला होता. शेवटच्या थांब्यावर उतरून निलगिरीच्या रांगेमधून वीस मिनिटं चालावं लागलं. मग प्लॅस्टिकची छपरं दिसली, काळ्या पिशव्यांतली लिंबा-संत्र्यांची रोपं, आणि पाण्याच्या फवाऱ्यांचा आवाज.

मलका साठीच्या पुढची, दणकट बाई होती. डोक्याला रुमाल, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. रुमानियाहून आलेली, तिच्याही हिब्रूला वेगळाच हेल होता. तिला वाटलं गिऱ्हाईक आहे. उन्हातून चालत आलेला माणूस बघून तिने त्याला सावलीत खुर्ची दिली, नळाखाली ग्लास भरला आणि त्याच्या हातात ठेवला.

"आधी पाणी पी. मग सांग काय हवंय."

नेहेमिया ग्लास हातात धरून बसला. पाणी स्वच्छ होतं, गार होतं, त्यात कसलाही रंग नव्हता.

"हे विहिरीचं?"

"मग कुठलं? ह्या भागात असं गोड पाणी नाही. अठ्ठावीस वर्षं पितेय."

"हे पिऊ नका," तो म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. त्याच्या हिब्रूत ते नीट येत नव्हतं, म्हणून तो खुणा करत होता. पिंप किती मोठं, हातगाडी कशी, भोक कसं चौकोनी. नकाशावरचे बाण त्याने मातीत काडीने काढून दाखवले. मलका कमरेवर हात ठेवून ऐकत होती. आधी तिचा विश्वास बसला नाही. कोणी पाठवलंय, माझी जागा कोणाला हवीय, असं तिने दोनदा विचारलं. मग त्याची बोटं तिला दिसली. त्यावरचे वण बघत ती हळूच खाली, पिशव्यांच्या ढिगावर बसली.

"तू ओतलंस? तू स्वतः?"

"हो."

"आणि आता सांगायला आलास."

"काल कळलं."

फवारे चालूच होते. ती उठली, पंपाच्या खोलीत गेली, आणि फवाऱ्यांचा आवाज बंद झाला. परत येऊन तिने त्याच्या हातातला ग्लास घेतला आणि मातीत रिकामा केला.

"यित्झाक, माझा नवरा," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी गेला. लिव्हर. दारूला कधी शिवला नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं." ती त्याच्यासमोर उभी राहिली. "ह्यानेच गेला का तो?"

नेहेमियाने उत्तर शोधलं. असं विचारल्यावर माणसाला काय ऐकायचं असतं, हे त्याला ठाऊक होतं. हो ऐकायचं असतं, आणि नाहीही.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. मग कोणी विचारलेलं नसताना तो पुढे बोलला. गेल्या कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं. "माझी बायकोपण गेली. ह्या पाण्याने नाही. पाणी तिकडे जात नाही. पण माझे कपडे ती धुवायची. हातांनी. अकरा वर्षं नाही, वीस वर्षं."

कुठूनतरी एक मांजर आली, ओल्या मातीचा वास घेऊन गेली.

"म्हणजे तुलाही माहीत नाही," शेवटी ती म्हणाली.

"नाही."

"नाव लिही इथे. पत्ता लिही. आरोग्य खात्याची माणसं येतील, त्यांनाही हेच सांगशील?"

"सांगेन."

त्याने हिब्रू अक्षरं जुळवत लिहिलं. तिने कागद वाचला, घडी घालून ब्लाउजच्या खिशात ठेवला. "आता जा," ती म्हणाली. आवाजात राग होता की नव्हता, ते त्याला समजलं नाही. निलगिरीच्या रांगेत पोचल्यावर आपण थरथरतोय, हे त्याच्या लक्षात आलं. पाय, हात, जबडासुद्धा. एका झाडाला धरून तो उभा राहिला. थोड्या वेळाने ते आपोआप थांबलं आणि तो बसच्या थांब्याकडे चालू लागला.

आरोग्य खात्याची माणसं पंधरा दिवसांनी आली. मलकाच्या विहिरीत क्रोम निघालं, चालतं त्यापेक्षा तिप्पट. माल धुवायचं रसायनही निघालं. पंपाला सील लागलं, रोपवाटिकेला सरकारी पाइपातून पाणी आलं. त्या दिशेच्या आणखी दोन विहिरी तपासल्या. एक ठीक होती, एक नव्हती. गिदोनच्या जागेभोवती तारेचं कुंपण पडलं आणि ती तशीच पडून राहिली. त्स्वीला काम मिळत राहिलं. मलकाला कोणी सांगितलं, हे त्याने सारितला कधी विचारलं नाही. नेहेमियाला दोनदा जबाबासाठी बोलावलं. दोन्ही वेळा त्याने तेच सांगितलं, त्याच क्रमाने. दुसऱ्या वेळी लिहून घेणाऱ्या माणसाने विचारलं, "तुला एवढं सगळं कसं आठवतं?"

"रोजचं काम होतं," तो म्हणाला.

त्याला शिक्षा झाली नाही. हुकुमाचा ताबेदार म्हणून त्याला बाजूला ठेवलं. शिक्षा झाली असती तर काही वाटलं असतं का, असा विचार त्याच्या मनात एकदा आला. त्याला नक्की सांगता येईना.

पर्लचं वर्ष भरलं तेव्हा येहुदित हैफाहून आली. तिने मलिद्याच्या प्रसादासाठी पोहे भिजवले, नारळ खवला, दहा-बारा माणसं येऊन प्रार्थना करून जेवून गेली. दुसऱ्या दिवशी तिने बापाची बॅग भरली आणि त्याला आपल्याबरोबर हैफाला नेलं. तिथे तो खूप झोपायचा. उठला की बाल्कनीत बसून बंदरातली जहाजं बघायचा.

एका सकाळी येहुदित भाजी चिरत होती आणि तो तिच्यासमोर बसला होता. त्याने तिला विहिरीचं सांगितलं, मलकाचं सांगितलं, तिचा नवरा लिव्हरने गेल्याचं सांगितलं. आणि मग कपड्यांचं सांगितलं.

येहुदितची सुरी थांबली. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. तुझा दोष नाही, असं ती म्हणाली नाही. आहे, असंही म्हणाली नाही.

"लहानपणी मीच ते कपडे पाण्यात भिजत घालायचे," ती हिब्रूत म्हणाली. "आई घासायला बसायच्या आधी. शनिवारनंतर, शाळेतून आल्यावर."

हे त्याला माहीत नव्हतं. त्या वेळी तो कामावर असायचा.

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

"लग्न होईपर्यंत." तिने सुरी बाजूला ठेवली आणि हात पुसले. "अब्बा, उद्या दवाखान्यात जाऊ. आपण दोघं. रक्त, लघवी, सगळं तपासून घेऊ."

"बरं," तो म्हणाला.

सकाळी ते लवकर निघाले. रिकाम्या पोटी जायचं होतं, म्हणून चहा घेतला नाही. कुपात खोलिमच्या, म्हणजे कामगारांच्या विम्याच्या, दवाखान्यात त्यांच्याआधीच पुष्कळ लोक येऊन बसले होते. खिडकीतल्या बाईने विचारलं, "काय त्रास होतोय?" येहुदितने बापाकडे पाहिलं.

नेहेमिया पुढे झाला, खिडकीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले आणि सांगायला सुरुवात केली.